व्याह्यांची सायकल

अधिक महिन्यात जावयाला काय द्यावं, हे मधुसूदनराव हरकऱ्यांनी थेट जावयालाच विचारलं, आणि पहिली चूक तिथेच झाली. बाकीचे सासरे मुकाट्याने एखादी चांदीची वाटी आणतात, ताटात तेहतीस अनारसे रचतात, जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि पुढचा अधिक महिना येईपर्यंत मोकळे होतात. मधुसूदनरावांनी मात्र सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत चौतीस वर्षं काढली होती. मागणी आल्याशिवाय पुरवठा करायचा नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यांनी फोन लावला, "जितेंद्रराव, तुम्हाला नेमकं काय हवंय ते सांगा," म्हणाले, आणि जितेंद्रने सांगितलं.

"बाबा, मले काहीच नको. काटोलले आमच्या आजोबाची सायकल गंजून राहिली आहे. तेवढी कोणाकडून चालती करून द्या, बस."

मागणी अगदीच साधी होती. नागपुरात, त्यांच्या प्रताप नगरात, चौकाचौकात सायकलवाले बसलेत. पण "कोणाकडून" हा शब्द मधुसूदनरावांना लागला. त्याला कारण होतं, आणि ते कारण काटोलला राहत होतं.

रुपराव म्हणजे जितेंद्रचे वडील, मधुसूदनरावांचे व्याही. संत्र्याची बाग, विहिरीवरची मोटार, ट्रॅक्टर, गोठ्याचं छप्पर, सगळं स्वतःच्या हाताने दुरुस्त करणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी लग्नात मांडवाची एक दोरी सुटली. वधुपिता या नात्याने मधुसूदनराव धावले आणि त्यांनी गाठ मारली. पाच मिनिटांनी मांडवाचा तो कोपरा जितेंद्रच्या आत्याच्या डोक्यावर आला. आत्याला काही झालं नाही, पण रुपराव भर मांडवात हसत म्हणाले, "राहू द्या व्याही. तुम्ही कागदाचे माणसं. हाताचं काम तुमाले कायले पायजे?" सगळे हसले. मधुसूदनरावही हसले. व्याही हे नातंच तसं आहे. भाऊ काही बोलला तर भांडता येतं, साहेब बोलला तर त्याच्या पाठीमागे बोलता येतं. व्याही बोलला तर हसावं लागतं आणि वर त्याच्या पानात आणखी एक जिलबी वाढावी लागते.

तेव्हा मधुसूदनरावांनी फोन ठेवला आणि घरात जाहीर केलं, "ती सायकल मी दुरुस्त करणार. मी स्वतः. एकेक छर्रा माझ्या हाताने बसवणार, आणि रुपरावांच्या डोळ्यांदेखत उभी करणार."

यमुताई अनारशांच्या तांदळाचं पाणी बदलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "अहो, मागे तुम्ही न्हाणीच्या नळाला वायसर बसवला होता," त्या म्हणाल्या. "आपण चार दिवस शेजारी शोभाताईंकडे आंघोळीला जात होतो."

मधुसूदनरावांनी या विधानाची नोंद घेतली नाही.

सायकल पिकअपमधून आली तेव्हा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू व्हायला दोन दिवस होते. उन्हाळ्यात नागपूरचा माणूस सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी सातनंतर माणूस असतो, मधल्या वेळात तो फक्त कूलरसमोर पडून असतो. अशा दिवसांत मधुसूदनराव डोक्याला दुपट्टा गुंडाळून ती जुनी, जड, दांडीची सायकल ढकलत नत्थूच्या दुकानात घेऊन गेले. नत्थूने ती अर्ध्या तासात खोलून सुटी केली आणि उघडी फ्रेम हातात तोलून पाहिली.

"लोखंड एक नंबर हाय काका. रंग मारा, छर्रे नवे टाका, दोन दिवसाचं काम हाय. मी करून देतो."

"तू फक्त खोल. जोडणार मी."

नत्थूने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. शहाणा माणूस.

आता रंग. इथे सुमंत आले. सुमंत हे शेजारी, वीज खात्यातून निवृत्त. त्यांच्याकडे प्रत्येक विषयातलं थोडं ज्ञान आहे आणि वेळ अमाप आहे. ही दोन्ही एका माणसात एकत्र आली की त्याच्या शेजाऱ्यांचे हाल कुत्रा खात नाही. "साध्या रंगाचं नाव काढू नका हो," सुमंत कुंपणावरून म्हणाले. "पावडर कोटिंग करा. भट्टीत भाजून निघते वस्तू. तीस वर्षं पाहायला नको." झालं. मधुसूदनराव फ्रेम स्कूटरवर आडवी बांधून हिंगणा रोडवरच्या एका शेडमध्ये पोचले. तिथल्या माणसाने विचारलं, "कहाँ कहाँ लगाना है?" आवक-जावक शाखेतला माणूस संदिग्ध उत्तर देत नाही. मधुसूदनराव ठामपणे म्हणाले, "सब जगह."

तो माणूस प्रामाणिक निघाला. त्याने सगळीकडे लावलं.

फ्रेम घरी आली तेव्हा तिच्यावरून नजर हटत नव्हती. गर्द हिरवा, तकतकीत रंग. यमुताईसुद्धा "छान दिसतंय हो," म्हणाल्या, आणि असं त्या सहसा म्हणत नाहीत. मधुसूदनरावांनी त्याच संध्याकाळी पोर्चमध्ये वर्तमानपत्र पसरलं, नत्थूकडून आणलेल्या दोन लोखंडी वाट्या काढल्या आणि कामाला लागले. पायडलचा दांडा ज्या जाड नळीतून आरपार जातो, तिला आतून दोन्ही तोंडांशी आटे असतात. त्या आट्यांत दोन्हीकडून एकेक वाटी फिरवून बसवायची, वाटीत छर्रे, छर्ऱ्यांवर दांडा. काम एवढंच. पण वाटी आत जाईना. एक आटा धरेना. पाहतात तो आटे दिसतच नव्हते. तिथेही तीस वर्षं पाहायला नको असा रंग भाजून बसला होता.

पुढचे चार दिवस सल्ल्यांचे होते. सुमंत म्हणाले, सँडपेपरने घासा. समोरच्या घरमालकीण कामिनीताई म्हणाल्या, तांब्याचं भांडं चिंचेने निघतं तर हे का नाही निघणार. कुणी उकळतं पाणी सांगितलं, कुणी रॉकेल, आणि आता रॉकेल मिळत नाही म्हटल्यावर रॉकेल का मिळत नाही यावर अर्धा तास बोलून गेलं. मधुसूदनरावांनी सगळं केलं. घासायला न्हाणीतला एक जुना टूथब्रश घेतला. तो जुना नव्हता, हे दुसऱ्या दिवशी सकाळी यमुताईंकडून कळलं. रंग होता तिथेच होता.

शेवटी नत्थू. त्याने नळीत बोट घातलं आणि कपाळावर हात मारला. "आट्यातबी मारला काय रंग? काहून गा काका? टॅप फिरवा लागते आता, म्हणजे आटे परत मोकळे कापायचं हत्यार. माह्यावाला घासला हाय. आणि एक ध्यानात ठेवा, चेनच्या बाजूचे, म्हणजे उजवे आटे उलटे असतात. तिकडची वाटी उलटी फिरवा लागते."

"उलटी? काहून?"

"काहून म्हणजे? पायडल मारू मारू वाटी ढिली नाही झाली पायजे म्हणून."

मधुसूदनरावांना हे फार आवडलं. कुणीतरी, कधीतरी, इतका पुढचा विचार करून ठेवला होता. त्यांनी घरी येऊन एका कागदावर सुवाच्य अक्षरात "उजवी (चेनची) बाजू : आटे उलटे. डावी बाजू : आटे सरळ." असं लिहिलं, खाली तारीख टाकली आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

टॅप एका सरकारी तांत्रिक संस्थेच्या कार्यशाळेत होता. तिथे बाहेरच्या माणसाचं काम करून देतात, अर्ज करावा लागतो. अर्ज! मधुसूदनरावांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. त्यांनी विषय, संदर्भ, महोदय असा सगळा साज चढवून दीड पानी अर्ज लिहिला, त्याची स्थळप्रत ठेवली आणि बेचाळीस डिग्रीत संस्थेत पोचले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज न वाचता उलटा करून पाहिला.

"वाहन क्रमांक?"

"सायकलला कुठला वाहन क्रमांक?"

"फ्रेम नंबर असते ना जी. त्याच्याशिवाय काय ओळखणार, कोणाची सायकल आहे? चोरीची असली म्हणजे?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत मधुसूदनरावांना कुणी चोर म्हटलं नव्हतं. पण नियम तो नियम. ते घरी आले आणि फ्रेम नंबर शोधू लागले. नंबर अर्थातच रंगाखाली होता. कुठे, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. सुमंत म्हणाले, पुढच्या नळीवर असतो. तिथे खरवडलं, नव्हता. मग म्हणाले, बुडाशी असतो. तिथेही नव्हता. तो शेवटी सीटच्या दांड्याखाली निघाला, आणि तोवर त्या देखण्या हिरव्या फ्रेमला तीन ठिकाणी टक्कल पडलं होतं. दुसऱ्या दिवशी नंबरासह अर्ज दिला, तर मालकाचं संमतीपत्र हवं. तिसऱ्या दिवशी संमतीपत्र नेलं (जितेंद्रने ते मोबाइलवर पाठवलं, तर छापून आणा), चौथ्या दिवशी छापून नेलं, तर टॅपच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते जनगणनेच्या कामावर गेलेले. आपणही लोकांना किती वेळा असंच "उद्या या" म्हटलं असेल, हे मधुसूदनरावांना तिथे बाकावर बसल्या बसल्या आठवलं आणि ते मनातून ओशाळले. पण पंखा बंद होता आणि उकाडा असा होता, की ओशाळणं फार वेळ टिकलं नाही. त्या जागी नुसता संताप उरला.

पाचव्या दिवशी किल्ली आली. कार्यशाळेतल्या निदेशक श्वेता मॅडम, वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, भैरवीएवढ्या, यांनी फ्रेम शिकंज्यात धरली, टॅपला तेल लावलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्हीच फिरवा. दोन फेरे पुढे, अर्धा मागे. जोर नाही लावायचा. अडलं तर थांबायचं." मधुसूदनरावांनी दोन्ही हातांनी मूठ धरली आणि फिरवली. दोन फेरे पुढे, अर्धा मागे. हिरव्या रंगाचा भुगा बाहेर आला आणि त्यामागून लख्ख, पांढरे आटे दिसू लागले. मग उजव्या बाजूला, उलट्या टॅपने, उलट्या दिशेने. वाटी घालून पाहिली तर ती नुसत्या दोन बोटांनी आत गेली. मधुसूदनरावांना इतका आनंद झाला की पटकन डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी घाम पुसल्यासारखं पुसलं. पोरीच्या बारशानंतर आपल्या हातून इतकं नेमकं काही झाल्याचं त्यांना आठवेना.

"लोखंड आता उघडं पडलं आहे सर," मॅडम म्हणाल्या. "घरी गेल्या गेल्या ग्रीस लावा."

घरी यमुताईंनी ग्रीसचा डबा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "अधिक महिना आहे, अनारसे घातलेत, देवाचं तूप उघडं आहे. ते काळं इथे चालणार नाही." बाहेर पोर्चमध्ये लावावं, तर फ्रेमला हात लावताच चटका बसत होता. आणि अशा नाजूक वेळी सुमंत कुंपणावर उगवले. "लोखंड उन्हात फुगतं," त्यांनी सांगितलं. "हे असं तापलेलं जोडाल तर पावसाळ्यात सगळं ढिलं. दोन दिवस थंड होऊ द्या, मापात येईल. ग्रीसची काय घाई आहे?" हे शास्त्र होतं. मधुसूदनरावांनी फ्रेम हॉलमध्ये नेली आणि कूलरच्या पुढ्यात, स्टुलावर, वाऱ्याच्या झोतात बरोबर मध्यभागी ठेवली. दोन दिवस घरातली माणसं बाजूला घामाने निथळत बसली आणि सायकलने कूलरची हवा खाल्ली. ओली, गार, वाळ्याच्या वासाची हवा.

तिसऱ्या दिवशी ते लख्ख आटे विटेच्या रंगाचे झाले होते.

नत्थूला हसायला जमिनीवर बसावं लागलं. "कूलरसमोर? लोखंड? काका, माणसाले सर्दी होते, त्याले गंज नाही लागन काय?" अधिकाचा शेवटचा रविवार चार दिवसांवर होता, धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण गेलेलं होतं, आणि रुपराव सहकुटुंब येणार होते. मधुसूदनरावांनी पितळी ब्रश आणि डिझेलची बाटली घेतली, पोर्चमध्ये बैठक मारली, आणि पुढचे तीन दिवस एकेक आटा घासला. हातांना फोड आले, ते फुटले. नखांतून काळं जाईना, म्हणून यमुताईंनी त्यांना चमच्याने जेवायला लावलं. पण शनिवारी संध्याकाळी आटे पुन्हा चमकले, ग्रीस लागलं, आणि दोन्ही वाट्या दोन बोटांनी आत-बाहेर करून पाहून झाल्या. पुढच्या चाकाचा चिमटा आणि हँडल बसवून झालं. चाकं तयार होऊन भिंतीशी उभी होती. वाट्या आणि दांडा मधुसूदनरावांनी मुद्दाम राखून ठेवला. ते काम व्याह्यांसमोर करायचं होतं. त्या अर्ध्या तासासाठीच तर हे सगळं होतं.

रविवारी अकराला मंडळी आली. जितेंद्र आणि भैरवी आत सरबत प्यायला गेले. रुपराव सरळ पोर्चमध्ये आले आणि हिरव्या फ्रेमपाशी उभे राहिले. मग त्यांनी दांडीवरून हात फिरवला.

"माह्या बापाची सायकल वाटत नाही," ते म्हणाले. "बुढा हिच्यावर दोन पोते घालून बाजारात जात जाय. मी समोर, दांडीवर." मग ते खाकरले, बाह्या सरसावल्या, आणि वर्तमानपत्रावरची वाटी उचलली. "द्या तो पाना. बसवून टाकू."

"थांबा, थांबा. मी बसवतो. ती बाजू उजवी आहे. तिकडे आटे उलटे असतात."

"व्याही, पन्नास वर्षं झाले पाना धरून राहिलो मी." रुपरावांनी वाटी टेकवली आणि नेहमीसारखी, सरळ दिशेने फिरवली. वाटी वाकडी धरली गेली आणि अडली. "आट्यात रंग असन."

"रंग नाही. मी स्वतः काढलाय. अहो, उलटी फिरवा, उलटी!"

"मंग जोर लागते." रुपरावांनी फ्रेमवर पाय दिला, पान्याला दोन्ही हात घातले आणि ट्रॅक्टरचा नट आवळावा तसा आवळला. कर्रर्र झालं. वाटी आत गेली. तिरपी गेली, पण गेली. मधुसूदनरावांनी डोळे मिटून घेतले. रुपरावांनाही काहीतरी चुकल्याचं कळलं असावं, कारण त्यांनी पाना उलटा फिरवून वाटी बाहेर ओढली. तिच्यासोबत आट्यांचा पिळा निघाला, लांबच लांब, चकचकीत.

रुपरावांनी तो उचलून उजेडात धरला.

"उलटे होते काय?" रुपरावांनी विचारलं.

"उलटे होते."

"तुम्ही म्हणलं होतं."

"दोनदा म्हटलं होतं."

आणि मग मधुसूदनरावांच्या डोक्यात सगळं एकदम चढलं. ती भट्टी, ते सँडपेपर, ती खिडकी, तो कारकून, ती किल्ली, तो गंज, ते फोड. महिनाभर हाडं मोडून केलेलं काम, आणि एका माणसाने पन्नास वर्षांचा पाना एकदा फिरवून त्याची राख केली. आयुष्यात पहिल्यांदाच व्याह्यावर ओरडायचा त्यांना पुरेपूर हक्क होता, साक्षीपुराव्यानिशी. त्यांनी तोंड उघडलं. रुपराव तो लोखंडाचा पिळा तळहातावर घेऊन उभे होते आणि त्यांचा चेहरा शाळेत पाटी फुटलेल्या पोराचा झाला होता.

"बापाची होती जी," ते हळूच म्हणाले. "घरात सांगू नका व्याही. पोरगं काय म्हणन?"

तेवढ्यात यमुताई हात पुसत बाहेर आल्या. मागोमाग भैरवी, जितेंद्र. "कसला हो आवाज झाला? काय मोडलं?"

मधुसूदनरावांनी व्याह्यांकडे पाहिलं. मग फ्रेमकडे. "आटे गेले," ते म्हणाले. "माझ्या हातून. उलटं फिरवायचं ते सरळ फिरवलं."

पुढचं काय सांगायचं. "फ्रिजवर एवढं लिहून ठेवलंत ते कुणासाठी?" यमुताई म्हणाल्या. "बाबा, खरंच!" भैरवी म्हणाली. कुंपणापलीकडून सुमंत म्हणाले की मी आधीच सांगितलं होतं. काय सांगितलं होतं ते त्यांनाही आठवत नसावं. जितेंद्र बिचारा "जाऊ द्या न बाबा," म्हणत राहिला, आणि ते सगळ्यांत जास्त लागलं. पानं वाढली, जावयाला ओवाळलं, तेहतीस अनारशांचं ताट दिलं, चाकं नसलेल्या सायकलला कुंकू लावलं. धोंड्यांवर तूप पडलं आणि नळाच्या वायसरची गोष्ट सुरू झाली, आंघोळीच्या बादल्यांसकट. सगळे पोट धरून हसत होते. रुपराव मान खाली घालून जेवत होते. एकदा त्यांनी घास खाली ठेवला आणि "वहिनी, तसं नाही..." अशी सुरुवात केली, पण मधुसूदनरावांनी झटकन आणखी एक धोंडा त्यांच्या पानात टाकला. "घ्या हो व्याही, गरम आहे तोवर घ्या." रुपरावांनी तो मुकाट्याने खाल्ला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मंडळी निघाली. बाकीचे गाडीत बसले. रुपराव चप्पल घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळले आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"व्याही, थे उलटे आटे एकाच बाजूले असतात का दोन्ही?"

"एकाच. उजव्या. चेन असते तिकडे."

"अन् डाव्या?"

"सरळ."

रुपरावांनी ओठ हलवून ते मनात घोकलं. "आता नीट होते काय थे?"

"होतं. आत नवी नळी बसवून पुन्हा आटे पाडावे लागतात. संस्थेत अर्ज द्यावा लागतो. चार चकरा होतात."

"मंग बुधवारी येतो मी, यष्टीनं. अर्ज तुम्ही लिवा. खिडकीवर मी उभा राहतो."

मधुसूदनरावांनी थोडा विचार केला. "या," ते म्हणाले. "पण पान्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत जी," रुपराव म्हणाले.